जिभेशी झुंजलेला महात्मा

नागपूरहून वर्धा मार्गाने सुमारे पाऊणशे किलोमीटर गेले की सेवाग्राम लागते. संत्रा बर्फीसाठी ख्यात असलेल्या या शहराच्या इतक्या जवळ राहून गेलेल्या एका माणसाने जिभेच्या ओढीशी जन्मभर झुंज दिली. शुगर फ्री गोळ्यांच्या जमान्यात तिचे स्मरण उद्बोधक ठरावे.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले मोहनदास गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. आहाराच्या प्रयोगांत त्यांनी घरची मिठाई आणि मसाले सोडले. पूर्वी बेचव लागलेला उकडलेला पालक काही काळाने त्यांना रुचू लागला. चवीचे ठिकाण जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९१५ मध्ये कोचरबला आश्रम स्थापताना सत्य, अहिंसेच्या पंक्तीत अस्वादव्रतही आले.

पण व्रत घेतल्याने मोह संपत नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचे पोट बिघडले होते. लंघन करण्याचा त्यांचा विचार होता. मात्र सणाचा दिवस होता आणि दुधातुपाचे पदार्थ ते घेत नसल्याने कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी तेलात केली होती. बांचे मन राखण्यापुरते चाखायला बसलेले गांधीजी पोटभर जेवले. तासाभरात आमांशाने उग्र रूप धारण केले आणि ते मृत्यूच्या दारात पोहोचले. अखेर १९१९ मध्ये त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. व्रताचा शब्द पाळला गेला, पण भाव मोडला, ही खंत त्यांना कायम राहिली. हा सारा प्रसंग त्यांनी आत्मकथेत काहीही न लपवता नोंदवला.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातील आपली बाग त्यासाठी दिली. तीच मगनवाडी. तेथे कुमारप्पांच्या साथीने गांधीजींनी गिरणीच्या पांढऱ्या साखरेऐवजी गुळाचा पुरस्कार केला. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला आले. आश्रमाच्या पंगतीत कडुलिंबाच्या पाल्याची चटणीही असे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

त्यांचे सगळेच आहारविचार आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. गुळात थोडी खनिजे असली तरी तो रक्तातील साखर वाढवतोच. मधुमेहींनी त्याला निर्धोक समजू नये. दुसरीकडे, १८७९ मध्ये सॅकरिनचा शोध लागल्यापासून माणूस साखरेविना गोडवा शोधतो आहे. मात्र वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडकांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला; मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही. साखरेच्या जागी गोळी आली तरी गोडाची सवय तशीच राहते. गांधीजींनी हात घातला तो या सवयीलाच. त्यात ते हरलेही; पण हार कबूल करून पुन्हा उभे राहिले. गोड सोडण्याचा निश्चय चार दिवसांत मोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हाच मोठा दिलासा आहे.