डिग्री नसलेल्या पोस्टमननं पोलिसांना थेट युनिव्हर्सिटीच्या बाकावर नेऊन बसवलं..

क्रिमिनल जस्टिस म्हटलं की आपल्याला आधी पंकज त्रिपाठींचा माधव मिश्रा आठवतो. पण हा युनिव्हर्सिटीत शिकायचा विषयसुद्धा आहे. गुन्हा का होतो, तपास कसा करायचा, पोलिसांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे सगळं यात वर्गात बसून शिकवलं जातं. हा विषय कॉलेजात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांच्याकडे स्वतःची कॉलेजची डिग्री नव्हती.

त्यांचं नाव ऑगस्ट व्होल्मर.

व्होल्मर यांचा जन्म १८७६ चा, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. आईवडील जर्मनीहून आलेले. ते लहान असतानाच वडील वारले आणि पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला येऊन राहिलं. शिक्षण जेमतेम, त्यामुळे कोळसा आणि जनावरांचा चारा विकायचं दुकान टाकलं. १८९८ ला अमेरिका-स्पेन युद्ध पेटलं तेव्हा ते सैन्यात भरती होऊन फिलिपिन्सला गेले. परत आल्यावर बर्कलीत पोस्टमन म्हणून लागले.

आता पोस्टमनचा पोलीस कसा झाला?

तर १९०४ मध्ये मालानं भरलेला रेल्वेचा एक उघडा डबा सुटून उतारावरून निघाला. समोर प्रवासी गाडी उभी होती. व्होल्मर यांनी चालत्या डब्यावर उडी मारली आणि ब्रेक दाबून डबा थांबवला. गावभर नाव झालं. त्या काळी तिथं पोलीस प्रमुख, म्हणजेच मार्शल, मतदानानं निवडला जायचा. १९०५ ला लोकांनी व्होल्मर यांना उभं केलं आणि ते मोठ्या फरकानं निवडूनही आले.

तेव्हा अमेरिकेत पोलिसाची नोकरी म्हणजे राजकीय वशिल्याचा मामला. ट्रेनिंग वगैरे काही नाही. ओळखीवर भरती व्हायचं, आरोपीला चोपून कबुली घ्यायची, विषय संपला. व्होल्मर यांनी यातली एकेक गोष्ट बदलायला घेतली. पोलिसांना आधी सायकली दिल्या, मग मोटारसायकली, नंतर मोटारी. चौकाचौकात लाल दिवे लावले. दिवा पेटला की गस्तीवरच्या पोलिसानं चौकीला फोन करायचा.

पण खरा बदल वेगळाच होता. एका संशयास्पद विषबाधेच्या प्रकरणात त्यांनी युनिव्हर्सिटीतले शास्त्रज्ञ जाक लोब यांची मदत घेतली. तिथून त्यांना गुन्हेशास्त्राची पुस्तकं वाचायचा नाद लागला. १९०८ मध्ये त्यांनी आपल्या पोलिसांसाठी शाळाच काढली आणि तिथं शिकवायला प्राध्यापक बोलावले. १९१६ मध्ये कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांच्यासोबत त्यांनी बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत उन्हाळी वर्ग सुरू केले. पोलिसी कामाचा अभ्यास युनिव्हर्सिटीत पोचला तो असा.

पुढे त्यांनी कॉलेजात शिकणारी पोरंच पोलिसात घ्यायला सुरुवात केली. इतर शहरांतले पोलीस त्यांना हसायचे. १९१९ ला त्यांनी वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला भरती केलं. गॉर्डन नोकरी करत कायदा शिकले आणि पुढं व्हर्जिन आयलंड्सचे गव्हर्नर झाले.

मारहाण करून कबुली घ्यायला व्होल्मर यांचा सक्त विरोध होता. त्यावर पर्याय शोधताना त्यांच्याच खात्यातल्या जॉन लार्सन या पीएचडी झालेल्या पोलिसानं १९२१ मध्ये पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं यंत्र तयार केलं. पण या यंत्रावर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही हे पुढं दिसून आलं. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टानं २०१० च्या सेल्वी खटल्यात सांगितलंय की, संमतीशिवाय कुणाचीही पॉलिग्राफ टेस्ट करता येणार नाही.

१९२३ ला लॉस एंजेलिसनं त्यांना वर्षभरासाठी प्रमुख म्हणून नेलं. तिथला भ्रष्टाचार मात्र वर्षभरात हलणारा नव्हता. ते बर्कलीला परतले. १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगाचा पोलिसांवरचा अहवाल तयार करायचं कामही त्यांच्याकडेच होतं. आधी शिकागोत आणि मग बर्कलीत, डिग्री नसलेला हा माणूस प्रोफेसर झाला. व्यसनी माणसाला तुरुंगाची नाही तर उपचारांची गरज आहे, असं त्यांनी १९३६ च्या पुस्तकात मांडलं.

मग व्होल्मर निव्वळ हिरोच होते का? तर नाही.

फिलिपिन्समध्ये लोकांना दाबायला वापरलेली लष्करी पद्धत त्यांनी अमेरिकेच्या रस्त्यावर आणली, अशी टीका आजचे अभ्यासक करतात. गुन्हेगारी वंशातून आणि रक्तातून येते, या त्या काळच्या घातक कल्पनांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. गॉर्डन यांना नोकरी देणारा माणूस आणि हे मानणारा माणूस एकच होता.

शेवटच्या काळात त्यांना पार्किन्सन आणि कॅन्सरनं गाठलं. ४ नोव्हेंबर १९५५ ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

त्याआधी १९५० मध्ये बर्कलीत गुन्हेशास्त्राचं स्वतंत्र स्कूल उभं राहिलं होतं. त्याचे डीन होते व्होल्मर यांचेच चेले ओ. डब्ल्यू. विल्सन. पण सत्तरच्या दशकात तिथले काही प्राध्यापक आणि विद्यार्थी पोलिसांना शिकवण्याऐवजी पोलिसांनाच प्रश्न विचारायला लागले. वाद वाढत गेला आणि १९७६ मध्ये युनिव्हर्सिटीनं ते स्कूलच बंद केलं.

जगभर आज हजारो पोरं या विषयाची डिग्री घेतायत. पण तिथं उभा राहिलेला प्रश्न अजूनही तसाच आहे. या वर्गातून फक्त चांगला पोलीस तयार करायचा, की पोलिसाला जाब विचारणारा माणूससुद्धा?