सलीम अली आणि पक्ष्यांच्या पायातली कडी

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. गोचिडींतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तो आणला असेल का, अशी शंका निघाली. तिचा माग काढण्याच्या कामात डॉ. सलीम अली पुढे होते.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम अली लहानपणीच पोरके झाले. खेतवाडीत मामांकडे वाढताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्षी हेच त्यांचे आयुष्य झाले. बर्लिनमध्ये अभ्यास करून परतल्यावर नोकरी नव्हती, तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला.

१९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने स्थलांतराचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्कराईच्या दलदलीत आणि मिठागरांच्या उथळ पाण्यात टिलवे, तुतवार, चिखल्या हजारोंनी उतरत. बिहारमधल्या पारंपरिक मीरशिकारांच्या हातांनी पक्षी इजा न होता पकडले जात. मग त्यांची मापे घ्यायची, गोचिडी तपासायच्या, पायात क्रमांकाची कडी घालायची आणि सोडून द्यायचे. दूरदेशी तीच कडी सापडली, की प्रवासाची दोन टोके जुळत.

पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. हा विषाणू पश्चिम घाटाच्या जंगलातल्या गोचिडी, लहान प्राणी आणि माकडे यांच्यातच टिकून राहतो, असे पुढे दिसले. सिंधुदुर्ग आणि गोव्यात हाच आजार माकडताप म्हणून ओळखला जातो.

पक्ष्यांच्या नोंदी मात्र वाया गेल्या नाहीत. कोडिक्कराईचे महत्त्व सलीम अलींनी आग्रहाने मांडले आणि १९६७ मध्ये ते अभयारण्य झाले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. कडी घालण्याचे काम सोसायटीने त्यांच्यामागेही चालू ठेवले.