रिचर्ड रेटी

बुद्धिबळें शिकूं लागणाऱ्या विद्यार्थ्यास पहिला धडा मिळतो तो असा कीं, डावाच्या आरंभींच राजापुढील किंवा वजिरापुढील प्यादें दोन घरें पुढें सारून पटाचा मध्य व्यापावा. हा धडा ज्यांनीं जाणूनबुजून बाजूस ठेवला, त्या रिचर्ड रेटी यांचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

रेटी यांचा जन्म २८ मे १८८९ रोजीं, त्या काळीं हंगेरींत मोडणाऱ्या पेझिनोक या गांवीं झाला. गणिताच्या अध्ययनासाठीं ते व्हिएन्नास राहिले. सन १९०८ मध्यें तेथें भरलेल्या सामन्यांत त्यांचा नंबर अगदीं शेवटचा लागला. (परीक्षेचा निकाल पाहून लागलींच संतापणाऱ्या पालकांनीं हें वाक्य पुन्हां एकवार वाचावें.) बारा वर्षांनीं, सन १९२० मध्यें, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें तेच पहिले आले.

मध्यभागीं प्यादीं दाटीनें उभीं केलीं म्हणजे तीं शत्रूस आयतींच सांपडतात. त्यापेक्षां प्रतिपक्षास तेथें येऊं द्यावें आणि आपले उंट पटाच्या लांब तिरप्या रेषांवर ठेवून दुरून मारा करावा, असें त्यांचें मत होतें. आम्हां हिंदी लोकांस ही रीत सर्वस्वीं परकी नाहीं. आमच्या देशी खेळांत प्यादें एकच घर चालतें, व कलकत्त्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी हे एकोणिसाव्या शतकांत कॉक्रेन नामक बॅरिस्टराशीं याच धर्तीचे डाव खेळत असत.

सन १९२४ मध्यें न्यूयॉर्क येथें मोठा सामना भरला. जगज्जेते कापाब्लांका आठ वर्षांत एकहि डाव हरले नव्हते. २२ मार्च रोजीं रेटी त्यांच्यासमोर बसले व प्रथम घोडा बाहेर काढला. मग बाजूचीं प्यादीं सरकलीं, दोन्ही उंट कडेला जाऊन बसले. पहिल्या सात खेळ्यांत मधल्या दोन प्याद्यांस त्यांनीं हातहि लावला नाहीं. कापाब्लांका यांनीं मध्य व्यापला, आणि तोच पुढें ढांसळला. एकतिसाव्या खेळीस त्यांनीं डाव सोडून दिला. त्याच सामन्यांत बोगोल्युबोव्ह यांच्यावरील विजयाबद्दल रेटी यांस सुंदर डावाचें पहिलें पारितोषिकहि मिळालें.

परंतु सामना जिंकला पंचावन्न वर्षांच्या एमॅन्युएल लास्कर यांनीं. रेटी यांनीं त्यांच्यापुढेंहि हीच सुरुवात मांडली होती. लास्कर गोंधळले नाहींत. साध्या, भक्कम खेळ्या करून त्यांनीं तो डाव जिंकला. रेटी पांचवे आले. तरीहि त्यांनीं आपली पद्धत टाकली नाहीं, यावरून ती निव्वळ चकविण्याची युक्ति नव्हती असें आम्हांस वाटतें.

सन १९२५ मध्यें ब्राझीलमधील साओ पाउलो येथें त्यांनीं पटाकडे न पाहतां एकाच वेळीं एकोणतीस डाव खेळून नवा विक्रम केला. ६ जून १९२९ रोजीं प्राग येथें स्कार्लेट तापानें त्यांस मृत्यु आला. वय अवघें चाळीस होतें. मोठमोठ्या खेळाडूंवर ते लिहीत असलेला ग्रंथ त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाला.