प्रागच्या अकादमीने नाकारलेल्या चित्रकाराने नव्या देशाच्या नोटा फुकटात डिझाईन करून दिल्या!

जगभरातल्या नोटा जमवणाऱ्यांच्या अल्बममध्ये चेकोस्लोव्हाकियाचं पान आलं की नजर तिथेच थांबते. वळणदार रेषा, नक्षीदार चौकट आणि त्यात एखाद्या स्त्रीचा चेहरा. नोट कमी आणि पोस्टर जास्त वाटावं अशी ही कलाकारी. कारण ती काढणारा माणूस पोस्टरचाच बादशहा होता. त्यांचं नाव आल्फोन्स मुखा.

मुखांचा जन्म २४ जुलै १८६० चा. गाव मोराव्हियातलं इव्हान्चित्से. तेव्हा हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या ताब्यात होता. तरुणपणी त्यांनी प्रागच्या कला अकादमीत अर्ज केला, पण प्रवेश मिळाला नाही. वर दुसरा एखादा धंदा शोधण्याचा सल्लाही मिळाला. मग व्हिएन्नात नाटकांचे पडदे रंगवत ते पुढे पॅरिसला पोहोचले.

१८९४ च्या नाताळात नशीब पालटलं. प्रख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्टला नाटकाचं पोस्टर तातडीने हवं होतं आणि छापखान्यात मुखा हजर होते. १ जानेवारी १८९५ ला ‘जिसमोंदा’चं पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि मुखा रातोरात प्रसिद्ध झाले.

पैसा आणि नाव दोन्ही मिळालं, पण मन मायदेशातच होतं. शिकागोचे उद्योगपती चार्ल्स क्रेन यांनी आर्थिक मदत केली आणि १९१० मध्ये मुखा परतले. स्लाव लोकांचा इतिहास सांगणारी २० भव्य चित्रं काढायचं त्यांनी ठरवलं होतं. हे काम १९२८ पर्यंत चाललं.

मध्येच २८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. देश नवा, पण खिशातल्या नोटा जुन्याच होत्या! त्यांच्या एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला हंगेरियन आणि चेक भाषेच्या वाट्याला रकमेची एक बारीक ओळ. १९१९ च्या सुरुवातीला सरकारने या जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून वेळ भागवली.

स्वतःच्या नोटा हव्या होत्या. तेव्हा मुखा पुढे आले. टपाल तिकिटं आणि नोटा त्यांनी डिझाईन केल्या आणि देशसेवा म्हणून मोबदला घेतला नाही. १०० कोरुनांच्या नोटेसाठी त्यांचंच एक जुनं चित्र कामी आलं. १९०८ मध्ये त्यांनी क्रेन यांची मुलगी जोसेफिन हिला स्लाव लोकांची माता ‘स्लाविया’ म्हणून रंगवलं होतं. अशी एका अमेरिकन मुलीची छबी चेक लोकांच्या पाकिटात पोहोचली.

तोवर कलेची फॅशन बदलली होती. नव्या पिढीच्या समीक्षकांना मुखा जुनाट वाटू लागले. पण नाझींना ते तसे वाटले नाहीत. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि गेस्टापोने ज्यांना चौकशीसाठी उचललं त्यांत ७८ वर्षांचे, आजारी मुखा होते. सुटून आले, पण तब्येत सावरली नाही. १४ जुलै १९३९ ला प्रागमध्ये त्यांचं निधन झालं.

ज्या शहराने त्यांना विद्यार्थी म्हणून नाकारलं, त्याच शहरात, देशातल्या थोरांसाठी राखलेल्या विशेह्राडच्या स्मशानभूमीत ते विसावले आहेत. त्यांनी ज्याच्यासाठी नोटा काढल्या, तो देश आज नकाशावर नाही. त्या नोटाही चलनातून केव्हाच गेल्या. संग्राहकांच्या अल्बममध्ये मात्र त्या अजून जपून ठेवलेल्या आहेत.