अंध गणिती लिओनार्ड ऑयलर

माजिवड्याच्या नाक्याहून निघालेला वाटसरू साकेतच्या पुलानें खाडी ओलांडून खारेगांवास पोंचतो. तेथून दुसऱ्या पुलानें उल्हास नदी उतरून भिवंडीच्या बाजूस जातो, आणि कशेळीच्या पुलावरून बाळकुमास येऊन पुन्हां घरीं परततो. तीन भूभाग, तीन पूल, आणि मध्यें पाणी! नित्य डोळ्यांपुढें असलेल्या ह्या गोष्टींत विचार करण्याजोगें कांहीं असेल, असें आपणांस क्वचितच वाटतें. परंतु असल्याच एका पुलांच्या कोड्यापासून एका थोर पुरुषानें गणिताच्या नव्या शाखेचा पाया घातला, आणि त्याच शाखेच्या साहाय्यानें आज मेंदूच्या रचनेचा शोध चालला आहे. त्या पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि मनन करण्यासारखें आहे.

लिओनार्ड ऑयलर ह्याचा जन्म स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं १५ एप्रिल १७०७ रोजीं झाला. त्याचे वडील पॉल ऑयलर हे ख्रिस्ती पाळक होते. मुलानेंहि धर्मोपदेशकाचेंच व्रत घ्यावें, अशी त्यांची इच्छा असल्यामुळें लिओनार्ड विद्यापीठांत धर्मशास्त्र शिकूं लागला. तेथें योहान बर्नुली नांवाचा विख्यात गणिती होता. तो ह्या मुलास कठीण ग्रंथ वाचावयास सांगे, आणि शनिवारीं दुपारीं त्याच्या शंकांचें निरसन करी. मुलाची बुद्धि कोणत्या कामासाठीं घडली आहे, हें बर्नुलीनें वडिलांस समजाविलें, आणि त्या सुज्ञ पित्यानें आपली इच्छा बाजूस सारून संमति दिली. मुलानेंहि वडिलांची श्रद्धा जन्मभर सोडिली नाहीं.

इ. स. १७२७ मध्यें तो रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्परिषदेंत दाखल झाला. मौज अशी कीं, त्याला देऊं केलेली जागा मूळ शरीरक्रियाशास्त्राची होती, व तिच्यासाठीं त्यानें बाझल येथें वैद्यकाचा अभ्यासहि आरंभिला होता. परंतु तेथें पोंचल्यावर तो गणिताकडेच वळला, आणि १७३३ सालीं गणिताचा अध्यापक झाला.

त्या काळीं प्रशियांतील क्योनिग्सबर्ग नगराचे प्रेगेल नदीमुळें चार भाग झाले होते, व ते सात पुलांनीं जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदांच ओलांडून सातहि पूल फिरतां येतील काय, असें एक कोडें तेथें प्रसिद्ध होतें. १७३५ सालीं ऑयलरनें त्याचा निकाल लाविला. पुलांची लांबी, रस्त्यांचीं वळणें, हें सर्व त्यानें सोडून दिलें. कोणता भाग कोणत्या भागाशीं जोडला आहे, एवढेंच पाहिलें. वाटेंतल्या भागांत एका पुलानें शिरावयाचें तर दुसऱ्यानें बाहेर पडावयाचें. म्हणजे तेथें पुलांची संख्या सम हवी. विषम संख्या फार तर आरंभाच्या व शेवटच्या भागीं चालेल. क्योनिग्सबर्गच्या चारहि भागांस विषम पूल होते. म्हणून तसा फेरफटका अशक्य ठरला. आपल्या माजिवड्याच्या फेरींत प्रत्येक भागास दोन पूल येतात, म्हणूनच आपण घरीं परततों. अंतर सोडून जोडणीचा विचार करणाऱ्या ह्या विद्येस पुढें टॉपॉलॉजी, म्हणजे संस्थितिशास्त्र, असें नांव पडलें.

१७३८ सालच्या सुमारास ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. तरी त्याचें काम थांबलें नाहीं. १७४१ सालीं तो बर्लिन येथें गेला. तेथें १७५० सालीं त्याच्या ध्यानांत एक साधा नियम आला. विटेस कोपरे ८, कडा १२ व बाजू ६ असतात. कोपऱ्यांतून कडा वजा करून बाजू मिळविल्या तर २ उरतात. पिरॅमिड घेतला तरी उत्तर तेंच येतें!

१७६६ सालीं तो पीटर्सबर्गास परतला, आणि लवकरच मोतीबिंदूमुळें दुसराहि डोळा अधू होऊन तो जवळजवळ अंध झाला. १७७१ सालीं आगींत त्याचें घर जळालें. १७७३ सालीं पत्नी निवर्तली. तेरा मुलांपैकीं पांचच बालपण ओलांडून जगलीं होतीं. एवढे आघात सोसूनहि तो मनांतल्या मनांत गणितें सोडवी, आणि मुलांकडून व शिष्यांकडून तीं लिहवून घेई. त्याच्या आठशेंहून अधिक लेखनांपैकीं सुमारें निम्मीं ह्या अखेरच्या काळांतील आहेत. १८ सप्टेंबर १७८३ रोजीं त्याचा अंत झाला.

आतां मेंदूकडे वळूं. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६०० कोटि मज्जापेशी असतात. पेशी म्हणजे ठिपके व त्यांचे संबंध म्हणजे रेघा, असें चित्र काढतां येतें. परंतु रेघ दोघांचाच संबंध दाखविते. तीन मुलें दोघां-दोघांनीं निरनिराळीं बोललीं, आणि तिघांनीं मिळून एक गीत गाइलें, ह्यांत भेद नाहीं काय? रेघांच्या चित्रांत दोन्ही प्रसंग सारखेच त्रिकोण दिसतात. म्हणून एकत्र कार्यासाठीं त्रिकोण भरीव मानितात. पोकळ त्रिकोणाचा हिशेब ३ वजा ३, म्हणजे शून्य. भरीवाचा ३ वजा ३ अधिक १, म्हणजे १. आपल्या तीन पुलांचा त्रिकोण पोकळच, कारण मध्यें पाणी आहे! ऑयलरच्याच नांवानें ओळखिली जाणारी ही संख्या मोठ्या समूहांसहि लावितां येते. २०१७ सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथील संशोधकांनीं उंदराच्या मेंदूच्या एका लहानशा भागाची संगणकावर प्रतिकृति करून, परस्पर जोडलेल्या पेशींचे समूह व त्यांमधील पोकळ्या ह्याच शास्त्रानें मोजल्या. विचार व स्मृति ह्यांच्याशीं त्यांचें नातें काय, हा शोध अजून चालूंच आहे.

शरीरशास्त्राची जागा सोडून जो गणिताकडे गेला, त्याचेंच गणित अशा रीतीनें शरीराच्या सेवेस आलें. पॉल ऑयलर ह्यांनीं हट्ट धरिला असता, किंवा त्यांच्या पुत्रानें अंधत्वापुढें हात टेकले असते, तर जगाची केवढी हानि झाली असती! पालकांनीं पित्याचें औदार्य आठवावें, आणि विद्यार्थ्यांनीं पुत्राची चिकाटी. शेवटीं विद्यार्थ्यांस एक प्रश्न: वरील तीन पुलांत ठाण्याहून कळव्यास जाणारा एक पूल मिळविला, तर चारहि पूल एकेकदांच ओलांडून माजिवड्यास परततां येईल काय? कागदावर तीन ठिपके काढून ज्यानें त्यानें पाहावें.