शिष्यांच्या हातून दीक्षा घेणारे गुरू : गोविंदसिंग

भुसावळहून रावेरमार्गे खंडव्याकडे जाणारी गाडी बुऱ्हाणपूरला थांबते. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात आहे. पण मोगलांच्या काळी ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. १७०८ साली शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचा मुक्काम येथे पडला होता. आपल्यापैकी कित्येकांनी गुरुद्वारातील लंगरात बसून जेवण केले असेल. परंतु या पुरुषाने जाती मोडण्यासाठी काय केले, हे मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी ते अवश्य समजून घ्यावे.

गोविंदराय यांचा जन्म १६६६ साली पाटण्यास झाला. त्यांच्या आधी नऊ गुरू होऊन गेले होते. पहिले गुरू नानक (१४६९–१५३९) यांनी ईश्वर एक आहे, माणसे सारखी आहेत, कष्ट करून मिळवावे आणि वाटून खावे, अशी शिकवण दिली. पाचवे गुरू अर्जुन यांनी अमृतसरचे मंदिर उभारले. आज त्यावर दिसणारे सोने पुढे रणजितसिंगाच्या काळात चढले; मूळ काम विटा-चुन्याचे. पंजाबातील त्या जुन्या विटा लहान व चपट्या असत. चुना आणि विटांची पूड म्हणजे सुरखी यांच्या कालव्यात त्या बसवीत. अशा विटांना पुढे नानकशाही विटा हे नाव पडले. मंदिराला चार दिशांना चार दरवाजे ठेवले, ते कोणत्याही वर्णाच्या माणसाने आत यावे म्हणून.

गोविंदराय नऊ वर्षांचे असताना, १६७५ साली, त्यांचे वडील गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत औरंगजेबाच्या हुकमाने शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी ते उभे राहिले होते, असे शीख परंपरा सांगते. बादशहाच्या धाकाने प्रेताला हात लावण्यास कोणी धजेना. तेव्हा ते शिर कापडात गुंडाळून आनंदपूरला कोणी आणले? जैता नावाच्या, भंगी मानलेल्या जातीतील तरुणाने! धडाला अग्नी दिला तो लखी शाह या वणजाऱ्याने, स्वतःचे घर पेटवून. बाल गोविंदाने जैत्याला छातीशी धरले आणि त्याच्या जातीला गुरूची लेकरे म्हटले.

आता १६९९ सालच्या वैशाखीचा दिवस पाहा. आनंदपूरला मोठा समुदाय जमला होता. गुरूंनी नंगी तलवार हाती घेऊन मस्तक देणारा माणूस मागितला. एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचा दयाराम खत्री, हस्तिनापूरचा धरमदास जाट, पुरीचा हिम्मत पाणक्या, द्वारकेचा मोहकम छिपा आणि आपल्या जवळच्या बीदरचा साहिबचंद न्हावी. गुरूंनी लोखंडी भांड्यात पाणी व बत्तासे घालून ते खंड्याने ढवळले आणि पाचही जणांना त्या एकाच भांड्यातून पाजले. जुनी आडनावे गेली. पुरुष सिंग झाले, स्त्रियांना कौर हे नाव मिळाले. ज्या देशात पाण्यावरून माणूस बाटतो, त्या देशात ही गोष्ट केवढी होती, हे चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्यांना सांगायला नको!

पण खरी क्रांती पुढेच आहे. पाच जणांना दीक्षा दिल्यावर गुरू स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याच हातून त्यांनी दीक्षा घेतली. न्हावी व पाणक्या यांच्या हातचे पाणी पिऊन गोविंदराय गोविंदसिंग झाले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. डोंगरी राजे व मोगल दोघेही त्यांच्यावर उठले. १७०४ च्या अखेरीस आनंदपूर सुटले. दोन थोरली मुले चमकौरच्या लढाईत पडली. दहा वर्षांच्या आतली दोन धाकटी मुले सरहिंदला जिवंत भिंतीत चिणली, असे परंपरा सांगते. तरीही गुरू खचले नाहीत. बहादूरशहा बादशहाबरोबर ते दक्षिणेत आले. नांदेडला एका पठाणाच्या वाराने जखमी होऊन ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचा अंत झाला. जाण्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूची गादीच संपवली व ग्रंथाला गुरू केले. त्या ग्रंथात आपल्या नामदेव शिंप्याची ६१ पदे आहेत. विणकर कबीर व चर्मकार रविदास यांचीही वाणी आहे.

परंतु पुढची गोष्टही ऐका. चार दरवाज्यांच्या त्याच अमृतसरच्या मंदिरात १९२० साली नवशीख झालेल्या दलितांचा प्रसाद पुजाऱ्यांनी नाकारला. ग्रंथाचा कौल घेतला, तो दलितांच्या बाजूने लागला, तेव्हा कोठे प्रसाद स्वीकारला गेला. दरवाजे चार होते, पण पुजाऱ्याच्या मनाला एकही नव्हता! आजही पंजाबात कित्येक गावी जातीजातींचे वेगळे गुरुद्वारे आहेत.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेस गेले. शीख धर्माचा त्यांनी कसून विचार केला. पुढे त्यांनी बुद्धाचा, ईश्वर न मानणारा मार्ग निवडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी आधी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतली व मग लाखोंना दिली.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, गोविंदसिंगांचे चरित्र वाचून आपल्या घराकडे पाहा. मुलीचे स्थळ पाहताना आपण अजून पोटजात विचारतो काय? दुसऱ्या जातीतून धम्मात आलेल्या कुटुंबाशी सोयरीक करायला कचरतो काय? आपल्यापेक्षा खालची समजली गेलेली जात वस्तीत राहत असेल, तर तिच्या घरचे पाणी पितो काय? येत्या लग्नसराईत घरातल्या वडीलधाऱ्यांनी या प्रश्नांचा निकाल लावावा.