शार्लट ब्राँटे : वैरातून उमललेली प्रीती

यॉर्कशायरमधील एका धर्मोपदेशकाच्या घरी १८१६ साली शार्लटचा जन्म झाला. आठव्या वर्षी ती वसतिशाळेत गेली. तेथील हालअपेष्टांनंतर १८२५ मध्ये तिच्या दोन थोरल्या बहिणी क्षयाने दगावल्या. पुढे ब्रुसेल्सच्या शाळेत तापट, विवाहित अध्यापक एझे यांच्यावर तिचे मन जडले. ते प्रेम एकतर्फीच राहिले.

१८५३ च्या ‘व्हिलेट’ कादंबरीत तिने अशीच सधन मुलींची शाळा रंगवली. टाकून बोलणारा मास्तर, उलट उत्तर देणारी निर्धन शिक्षिका. आधी खटके, मग प्रेम. १८५५ मध्ये शार्लट निवर्तली.

अशा कथा आजही का ओढतात? नायक उर्मट असतो म्हणून नव्हे. ज्याने हिणवले त्यालाच आपली योग्यता मानावी लागते म्हणून! घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या मला ही ओढ ओळखीची वाटते.